साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा सूर: रातकिडे, नाकतोडे आणि त्यांचे दगडातले पूर्वज

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा. आता जो सूर वाजणार आहे तो कानाला टोचतो.

(इथे दोन सेकंद ६४०० हर्ट्झचा सूर वाजतो.)

जे हा भाग ऐकत नसून वाचतायत त्यांच्यासाठी: फोनवर कुठलंही फुकटचं टोन जनरेटर ॲप उघडा, ६४०० हा आकडा टाका आणि एखादा सेकंद ऐका. पातळ, सरळ, शिट्टीसारखा आवाज. गोड वगैरे अजिबात नाही. पण साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी, आज चीनमधला इनर मंगोलिया म्हणतात त्या भागातल्या एका जंगलात, एक नर किडा मादीला बोलवायला साधारण हाच सूर काढत होता. तो किडा मेला, तळ्याच्या गाळात दबला, दगड झाला. आणि २०१२ साली संशोधकांनी त्याच्या पंखांवरून हा सूर परत मांडून दाखवला. किड्याचं नाव त्यांनी ठेवलं आर्काबॉयलस म्युझिकस.

मला ही बातमी कळली तेव्हा पहिला विचार आला की हे जरा अतीच होतंय. हाड सापडलं की प्राण्याची उंची सांगता येते, मान्य. पण आवाज? आवाज तर हवेत विरून जातो. त्याचा कसला जीवाश्म? म्हणून आजचा भाग यावर. हे लोक नेमकं काय बघतात, त्यातलं किती पक्कं आहे आणि किती अंदाज.

आधी घराण्याची ओळख करून घेऊ. नाकतोडे, टोळ, रातकिडे हे सगळे एकाच गणातले, ऑर्थोप्टेरा. या गणात दोन मोठी घरं आहेत, आणि ती ओळखायला भिंग लागत नाही. मिशा बघायच्या. मिशा आखूड आणि जाडसर असतील तर तो टोळ-नाकतोड्याच्या घरातला. मिशा शरीराएवढ्या किंवा त्याहून लांब, दोऱ्यासारख्या असतील तर रातकिड्याच्या घरातला. पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येऊन बसणारा तो हिरवागार, पानासारखा, लांब मिशांचा किडा असतो ना? त्याला आपण नाकतोडाच म्हणतो, पण तो खरा रातकिड्याचा नातलग. आर्काबॉयलससुद्धा याच लांब मिशांच्या घरातला.

दोन्ही घरांतले लोक आवाज काढतात, पण पद्धत वेगळी. आखूड मिशांवाल्यांपैकी बरेच जण मागचा पाय पंखावर घासतात. लांब मिशांवाले पंखावर पंख घासतात. कानही वेगळ्या जागी. नाकतोड्याचा कान पोटाच्या पहिल्या वळीवर, बाजूला. रातकिड्याचा कान पुढच्या पायात, गुडघ्याच्या जरा खाली. हो, पायात. एक पातळ पडदा, आपल्या कानातल्यासारखाच थरथरणारा.

आता आवाज कसा निघतो ते बघू, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. घरातली फणी घ्या आणि तिच्या दातांवरून नख फिरवा. हळू फिरवलं तर टक टक टक असे सुटे आवाज येतात. जोरात फिरवलं की सुटे आवाज एकमेकांत मिसळून ‘झ्र्र’ असा एकच आवाज होतो, आणि जितकं जोरात तितका तो चढा. रातकिड्याच्या एका पंखाच्या शिरेखाली अशीच दातांची रांग असते आणि दुसऱ्या पंखाची कडा नखाचं काम करते. पंख मिटताना कडा दातांवरून घसरते. पंखातच एक ताणलेला पातळ पडदा असतो, तो त्या थरथरीला मोठं करतो. म्हणजे फणी, नख आणि डफ, तिन्ही एकाच जोडीत.

इथे मुद्दा असा की दात, कडा आणि पडदा या तिन्ही वस्तू आहेत. आवाज विरतो, वाद्य उरतं. किड्यांचे पंख तर जीवाश्मात सगळ्यात चांगले टिकतात. मऊ पोट कुजतं, पाय निखळतात, पण पंख कायटिनचे, चपटे, शिरांनी ताणून धरलेले. बारीक गाळात पडले की त्यांचा ठसा कागदावर छापल्यासारखा उमटतो. कितीतरी प्राचीन किडे आपल्याला फक्त पंखावरूनच माहीत आहेत. शिरांची नक्षी हीच त्यांची ओळख, बोटांच्या ठशासारखी.

आर्काबॉयलसचा जीवाश्म दाओहुगोऊ नावाच्या ठिकाणचा. तिथला गाळ ज्वालामुखीच्या राखेमुळे इतका बारीक आहे की किड्यांच्या पंखांवरचे दातसुद्धा मोजता येतात. या किड्याचा पंख सुमारे ७ सेंटीमीटर लांब. दोन्ही पंखांवर दातांची रांग, जवळपास ९ मिलिमीटरची, त्यात शंभरहून थोडे जास्त दात. आणि त्या दातांमधलं अंतर सारखं नव्हतं, ते हळूहळू वाढत जात होतं.

ही शेवटची गोष्ट साधी वाटते, पण तिच्यातच किल्ली आहे. पंख मिटताना त्याचा वेग वाढत जातो. दातांमधलं अंतर सारखं असतं तर वेगाबरोबर सूरही चढत गेला असता. पण अंतरही वेगाच्या हिशोबात वाढत गेलं, तर कडा प्रत्येक दाताला सारख्याच वेळाने भेटते आणि सूर एकाच जागी स्थिर राहतो. आज जिवंत असलेल्या, शुद्ध एकसुरी गाणाऱ्या जातींमध्ये अशीच रचना सापडते. म्हणजे आर्काबॉयलस खरखर करत नव्हता, एकच सूर लावत होता, हे दातांच्या मांडणीवरूनच समजतं.

मग तो सूर कोणता? त्यासाठी आजच्या नातलग जातींकडे बघितलं. रांगेची लांबी, दातांची संख्या, पंखाचा आकार आणि गाण्याची पट्टी यांचं नातं काय ते जिवंत किड्यांवर मोजता येतं. त्या नात्यात जीवाश्माचे आकडे घातले आणि उत्तर आलं ६.४ किलोहर्ट्झ. एक दात म्हणजे एक कंपन धरलं, तर सेकंदाला ६४०० दात. दात आहेत शंभरच्या थोडे वर. भागाकार करून बघा, पंखाची एक मिट सेकंदाच्या साठाव्या भागात संपते.

माझं मत विचाराल तर सूर आणि त्याचा एकसुरीपणा यांवर मी विश्वास ठेवते. त्यात भौतिकशास्त्र आहे, आणि ते ज्युरासिकमध्येही हेच होतं. पण बातम्यांमध्ये जी ऑडिओ क्लिप फिरली तिच्यात लयसुद्धा होती: सूर, थांबा, सूर, थांबा. ती लय दगडात नाही. एका मिनिटात किती वेळा पंख मिटायचे हे किड्याच्या मज्जासंस्थेवर आणि त्या रात्रीच्या तापमानावर ठरतं. अमेरिकेतल्या अमोस डॉल्बेअर यांनी १८९७ सालीच दाखवलं होतं की रातकिड्याची किरकिर मोजून हवेचं तापमान सांगता येतं, इतकी ती उष्णतेशी बांधलेली असते. तर क्लिप ऐकताना पट्टी पुराव्याची समजा आणि ताल कलाकाराचा.

थोडं विषयांतर, पण फोनवाल्यांच्या कामाचं. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जायचं, कारण माणसाचं बोलणं कळायला तेवढं पुरतं. रातकिड्यांचा आवाज बहुतेक वेळा त्याच्या वरचा. म्हणून गावाकडून रात्री फोन आला, पलीकडे अंगणात कितीही किर्र असली, तरी आपल्याला शांतताच ऐकू यायची. आता चांगल्या दर्जाच्या कॉलमध्ये वरच्या पट्ट्या येतात, पण आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर रातकिड्याला कचरा समजून पुसून टाकतं. आर्काबॉयलसने तुम्हाला फोन केला असता तर कळलंही नसतं.

आता मागे जाऊ. बरंच मागे.

ज्युरासिक म्हटलं की आपल्याला फार जुनं वाटतं, पण या घराण्याच्या हिशोबात ते अगदी अलीकडचं. घराण्याचे सगळ्यात जुने फोटो फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणींत आहेत. मध्य फ्रान्समध्ये कोमांत्री नावाची खाण होती. वय सुमारे ३० कोटी वर्षं, म्हणजे कार्बोनिफेरस काळाची अखेर. तिथे कोळशाबरोबर किड्यांचे पंख निघायला लागले. ते वाया जाऊ न देता पॅरिसच्या संग्रहालयातल्या शार्ल ब्रोंनियार यांच्याकडे पोचवणारा माणूस होता खाणीचा इंजिनिअर आणि संचालक, ऑन्री फायोल. तुमच्यापैकी जे बीबीए किंवा एमबीए करतायत ते आता दचकले असतील. होय, तोच. व्यवस्थापनाची १४ तत्त्वं पाठ करायला लावणारा हेन्री फेयॉल. त्याच्या नावाचा एक प्राचीन किडासुद्धा आहे, टायटॅनोफास्मा फायोली. परीक्षेत विचारत नाहीत, पण माझ्या मते १४ तत्त्वांपेक्षा भारी.

कोमांत्री प्रसिद्ध झाली ती मेगान्यूरामुळे. पंखांचा पसारा ६५ सेंटीमीटरच्या आसपास असलेला, चतुरासारखा दिसणारा शिकारी. पण आपल्याला त्याच खाणीतला दुसरा किडा हवाय, ईडिशिया. ब्रोंनियार यांनी १८८५ मध्ये त्याची नोंद केली. दिसायला लांब मिशांच्या नाकतोड्यासारखा, आणि मागचे पाय उडीसाठी जाडजूड झालेले. म्हणजे ३० कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर यायला अजून काही कोटी वर्षं असताना, नाकतोड्याची उडी तयार होती. ईडिशियाच्या पंखावर दातांची रांग मात्र नाही. आधी उडी, मग गाणं.

मधे एक विचित्र शाखा येऊन गेली, तिच्यावर थोडं थांबू. टायटॅनोप्टेरा. ट्रायासिक काळातले हे राक्षस मुख्यतः किर्गिझस्तानमधल्या मादिगेन आणि ऑस्ट्रेलियातून सापडले. रशियन संशोधक अलेक्झांडर शारोव यांनी १९६८ मध्ये या घराण्याच्या वंशवृक्षावर ग्रंथ लिहिला, त्यात जिगाटायटन येतो. पंखांचा पसारा ४० सेंटीमीटरपर्यंत. शाळेतली पट्टी ३० ची असते, त्यावरून अंदाज घ्या. हे उड्या मारत नव्हते. पुढचे पाय काटेरी, पकडायचे. बहुधा शिकारी. आणि त्यांच्या पंखांवर शिरांमध्ये मोठमोठी, पन्हाळीसारखी पटलं होती. बरीच वर्षं लोक म्हणत, हे त्यांचं वाद्य. पण त्या पटलांवर दातांची रांग काही दाखवता आली नाही. फणीच नाही तर नख कशावर फिरवणार?

मग २०२१ मध्ये फ्रान्समधल्या लिएव्हँ इथून, पुन्हा कोळशाच्या खाणीच्याच भागातून, ३१ कोटी वर्षांपूर्वीचा एक पंख प्रसिद्ध झाला: थेयाटायटन. या शाखेचा सगळ्यात जुना सदस्य. त्याच्याही पंखावर तशीच पटलं. संशोधकांनी म्हटलं, ही घासायची नसतील. पंख उडताना कडकड वाजवायची असतील किंवा आरशासारखी ऊन परावर्तित करून चमकायची असतील. नावही प्रकाशाच्या ग्रीक देवतेवरून, थेया. हे खरं असेल तर पंखांनी संदेश देण्याचा तोवरचा सगळ्यात जुना पुरावा हाच. मला कल्पना आवडते, पण इथे आर्काबॉयलससारखा हिशोब नाही. तिथे दात मोजता आले. इथे पटलाचा आकार बघून त्याचं काम ओळखायचं आहे. दोन्ही बातम्या सारख्याच मथळ्याने येतात, पुरावा मात्र सारख्या वजनाचा नाही.

याच्याही मागे गेलं की अंधार होतो. साधारण साडेअडतीस कोटी ते साडेबत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या मधे किड्यांचे जीवाश्म जवळजवळ नाहीतच. त्या पोकळीच्या आधी पंख असलेला एकही किडा खात्रीने माहीत नाही. पोकळी संपते तेव्हा पंखवाले किडे आहेत, एक नाही, अनेक तऱ्हांचे. म्हणजे पंख कसे आले हा सगळा सिनेमा मध्यंतरात घडून गेला आणि आपण नेमके बाहेर समोसा खात होतो. पंख छातीच्या पाठीकडच्या पत्र्यातून फुटले की पायाच्या मुळाशी असलेल्या अवयवातून, की दोन्ही मिळून, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. तो सोडवणारा अर्धवट पंखाचा जीवाश्म अजून मिळालेला नाही.

पोकळीच्या अलीकडे-पलीकडे जी मोजकी साक्ष आहे तिच्यावर किती ओझं पडतं बघा. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाचं गाव आहे. तिथल्या दगडात ४० कोटी वर्षांपूर्वीचे, गरम झऱ्यांच्या सिलिकात जसेच्या तसे गोठलेले जीव सापडतात. त्यातल्या एका चकतीत जबड्यांची एक जोडी आहे. बाकी शरीर जवळपास नाहीच. १९२८ मध्ये तिला नाव मिळालं ऱ्हायनिओग्नाथा. २००४ मध्ये मायकेल एंगेल आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी तीच चकती पुन्हा तपासली आणि म्हटलं, या जबड्याला दोन सांधे आहेत, हा खरा कीटक आहे, कदाचित पंखवाल्यांचा नातलग. झालं, किड्यांचा आणि कदाचित पंखांचाही इतिहास कितीतरी मागे सरकला. २०१७ मध्ये जर्मनीतल्या दोन संशोधकांनी पुन्हा तीच चकती बघून म्हटलं, हा गोमेच्या नात्यातला जीव असावा. एक मिलिमीटरही नसलेला जबडा, आणि त्यावर सगळ्या उडणाऱ्या किड्यांची तारीख टांगलेली.

म्हणून दुसऱ्या बाजूनेही मोजणी केली गेली. २०१४ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने जिवंत किड्यांच्या जनुकांची तुलना करून हिशोब मांडला: किडे सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे जमिनीवर वनस्पती पाय रोवत होत्या तेव्हा, आणि उड्डाण सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी. नाकतोडे-रातकिड्यांवर २०२० मध्ये असंच मोठं काम झालं. त्यानुसार रातकिड्यांच्या घरात पंख घासून गाणं सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं. जनुकांच्या तारखा जीवाश्मांपेक्षा जुन्या येतात, यात नवल नाही. पहिला गाणारा किडा नेमका तळ्यात पडून दगड झाला असेल, ही अपेक्षाच जास्त आहे.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, किड्यांना कान वटवाघळांमुळे आले ना? हे बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं, म्हणून इथेच उत्तर देते. वटवाघळांचे सगळ्यात जुने चांगले सांगाडे सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये त्याच सुमाराच्या रातकिड्यांच्या पायांवर कान सापडले, आजच्यासारखेच. पण २०२२ मध्ये दाओहुगोऊच्याच दगडांत, १६ कोटी वर्षांपूर्वीच्या किड्यांच्या पायांवर कानाचे पडदे दिसले. तेव्हा वटवाघूळ नव्हतंच. तर कान आधी आपसात ऐकायला होते. पुढे काही जातींनी त्याच कानांनी वटवाघळाची चाहूल घ्यायला सुरुवात केली, आणि काहींचं गाणंही इतकं वर गेलं की आपल्या कानांच्या आवाक्याबाहेर. दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीचा सूर १५० किलोहर्ट्झपर्यंत जातो. आपली मर्यादा २०, तीही तरुणपणी.

ज्युरासिकमधला ६.४ किलोहर्ट्झ त्या मानाने खर्जातला. खालची पट्टी दाट झाडोऱ्यात दूर जाते, पानांना आपटून विरत नाही. रातोरात मादीपर्यंत पोचायला उत्तम. अडचण एकच, ती बाकीच्यांपर्यंतही पोचते. दाओहुगोऊमध्येच व्होलॅटिकोथेरियम नावाचा, कातडीचा पडदा ताणून झाडावरून तरंगत जाणारा, किडे खाणारा छोटा सस्तन प्राणी होता. गाणं म्हणजे ‘मी इथे आहे’ असं जगाला सांगणं, आणि जगात सगळेच प्रेमाने येत नाहीत.

ही किंमत किती असू शकते ते हवाई बेटांवर आपल्या डोळ्यांसमोर दिसलं. काउआई बेटावर एक माशी रातकिड्याचा आवाज ऐकून त्याच्यावर अळ्या सोडते, अळ्या त्याला आतून खातात. मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये तिथे रातकिडे भरपूर दिसले, पण रात्र गप्प होती. नरांच्या पंखांवरची फणी आणि पडदा जवळपास नाहीसे झाले होते. वीसहून कमी पिढ्यांत बहुतेक नर मुके. ते उरल्यासुरल्या गाणाऱ्या नराच्या आसपास बसतात आणि त्याच्याकडे येणाऱ्या मादीला मधेच गाठतात. समजा उद्या या पंखांचे जीवाश्म झाले, तर कोणी म्हणेल की ही जात कधी गातच नव्हती. ईडिशियाच्या बिनदाती पंखाकडे बघताना हे लक्षात ठेवावं लागतं.

आता शेवटचा किडा, आणि तो आपल्याकडचा आहे. आर्काबॉयलसचं घराणं एके काळी खूप पसरलेलं होतं, आज त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच जाती उरल्यात. त्यातली एक प्रोफॅलँगॉप्सिस ऑब्स्क्युरा. फ्रान्सिस वॉकर यांनी १८६९ मध्ये लंडनमध्ये बसून तिची नोंद केली. त्यांच्यासमोर एकच नर होता, आणि तो कुठून आला याची नोंद एका शब्दात: हिंदुस्थान. कोणता डोंगर, कोणतं गाव, काही नाही. नाशिकपासून नागालँडपर्यंत काहीही असू शकतं. त्यानंतर दीडशे वर्षांत दुसरा नर कुणाला मिळालेला नाही. २००९ मध्ये तिबेटमधल्या दोन माद्या याच जातीच्या असाव्यात असं सुचवलं गेलं, त्यामुळे हिमालयाकडे बोट जातं.

२०२२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये टाचणीवर असलेल्या त्या एकुलत्या एक नराचे पंख लेझरने तपासले. पंख कोणत्या पट्टीला सगळ्यात जास्त थरथरतो ते मोजलं. उत्तर आलं ४.७ किलोहर्ट्झ. इथे जीवाश्म नव्हता, खरा पंख होता, म्हणून हा आकडा आर्काबॉयलसच्या आकड्याहूनही भरवशाचा.

तर ॲपमध्ये आता ४७०० टाका.

(इथे दोन सेकंद ४७०० हर्ट्झचा सूर वाजतो.)

लडाख, स्पिती, सिक्कीम, अरुणाचल, कुठेही ट्रेकला जाणार असाल तर रात्री तंबूच्या बाहेर फोन ठेवून दहा मिनिटं रेकॉर्डिंग करा. नॉइज कॅन्सलेशन बंद करून. आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप्स आहेत, त्यात ४.७ च्या रेषेवर काही दिसतंय का बघा. त्या पट्टीत साधे रातकिडेही गातात, त्यामुळे दिसलं की लगेच नाचू नका. टॉर्च घेऊन आवाजाच्या दिशेने जा, आणि किडा सापडलाच तर त्याला न पकडता पंखांचा जवळून फोटो काढा. रेकॉर्डिंगसोबत तारीख, वेळ, उंची आणि ठिकाण लिहून ठेवा. वॉकरसाहेबांच्या चिठ्ठीवर नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.